दुसरं ताट

रामाजी : ...मले वाटलं, बाईले उपास असन. नाहीतर भरलं ताट मी कायले उचललं असतं, सायेब?

(नागपूरकडच्या खाप्याजवळ, कन्हान नदीच्या काठची जुनी कोठी. भोसल्यांच्या काळात ती शिकारीची होती, पुढे एका गोऱ्या साहेबानं तिचं हॉटेल केलं. १९५६ चा ऑक्टोबर, रविवारची दुपार. एवढ्या मोठ्या जेवणघरात पाहुणे दोनच, रांधायला-वाढायला एकटा रामाजी. मार्तंडराव ताटावर बसलेत आणि यमुताई आपल्या भिंतीशी उभ्या. खुर्ची त्यांना परक्याच्या अंगणासारखी वाटते.)

मार्तंडराव : कुठलं ताट?

रामाजी : कालचं, रातचं. तुमचं जेवण झालं, तुम्ही हात धुवाले गेले. बाई इथंच उभ्या, अन् दुसरं ताट जसंच्या तसं. मी दोन्ही उचलले, चूल इझवली अन् घरी गेलो.

मार्तंडराव : अगं, तू काल जेवली नाहीस?

यमुताई : जाऊ द्या हो. एका रात्रीनं कोणी मरत नाही.

मार्तंडराव : मग सांगायचं नाही?

यमुताई : कुणाला? मी खोलीत आले तेव्हा तुम्ही घोरत होतात. घरी तुमचं झालं की मी तुमच्याच ताटात बसते. इथं यांनी ताटच उचललं. मला वाटलं, त्यातच वाढून परत आणतील. मी आपली वाट बघत उभी. दिवा मालवला तेव्हा कळलं.

रामाजी : हात्तिच्या! बाई, हॉटेलात तसं नसते वं. सायबाच्या टायमाले मडम बसल्याबिगर सायेब खुर्चीले शिवत नव्हता. तुम्ही बसल्या तर पोळ्या आणतो, नाहीतर सायबालेही आणत नाही. घ्या!

मार्तंडराव : बस गं. कोणी बघत नाही इथं.

यमुताई : तुम्ही बघताय ना.

मार्तंडराव : मी कशाला बघतो? बस.

रामाजी : हां, अस्सं! हे घ्या वांगं. आमच्या वाडीतलं आहे.

यमुताई : वांगं नको मला.

मार्तंडराव : का गं? फर्मास झालंय.

यमुताई : अंगावर पुरळ उठतं.

मार्तंडराव : कधीपासून?

यमुताई : माहेरी होते तेव्हापासून.

मार्तंडराव : आणि आपल्या घरी उठसूट वांगी!

यमुताई : तुम्हाला आवडतात म्हणून. मी आपली लोणच्याशी खाते. ...तुम्ही असं डावीकडेच काय चावताय?

मार्तंडराव : उजवीकडच्या दाढा काढल्या ना.

यमुताई : कधी?

मार्तंडराव : झालं असेल वर्ष. ऑफिसातूनच गेलो, काढून आलो.

यमुताई : अगंबाई! आणि मी मेली भाकरी कडक भाजत बसले!

मार्तंडराव : त्यात काय सांगायचं?

यमुताई : खरंय. त्यात काय सांगायचं.

रामाजी : सायेब, तुम्ही आरामात जेवा. मी आत पोळ्या लाटून राहिलो. आज दुसरं गिऱ्हाईक नाही. गोरे गेले तवापासून हा हॉल नुसता भणभण करून राहिला. माणसाचा आवाज आला का बरं वाटते.

यमुताई : गेला तो. आता सांगा, इथं कशाला आणलंत मला?

मार्तंडराव : हवापालट, दुसरं काय?

यमुताई : सीताबर्डीच्या बाजारात कधी नेलं नाहीत, आणि एकदम हवापालट! परवा वाड्यातली अरुंधती म्हणाली, नागपूरची राजधानी गेली, सचिवालय उठलं, निम्मे भोपाळला चालले, निम्मे मुंबईला. आणि तुमचं मुंबईचं पक्कं झालं म्हणे.

मार्तंडराव : तुला माहीत होतं?

यमुताई : आपल्या साऱ्या महाल पेठेला माहीत होतं. आपल्या घरातच तेवढं कुणी बोललं नाही.

मार्तंडराव : अगं, तेच सांगायला आणलं. घरी कितीदा तोंड उघडलं, की तू उठून ताक आणायला आत. इथं तुला उठायचं काम नाही, म्हटलं बोलणं होईल. ...कचेरीतले गणपतराव, मी आणि आणखी दोघं मिळून तिकडे एक खोली घेतोय. तिथं बाईमाणसाची सोय नाही. निवृत्तीपर्यंत काढीन कसेबसे दिवस. तू नागपुरातच राहा.

यमुताई : हुकूमच आला का?

मार्तंडराव : हुकूम असा नाही. साहेबांनी विचारलं होतं, नागपूरच्याच कचेरीत राहता का म्हणून.

यमुताई : मग?

मार्तंडराव : मी म्हटलं, जातो.

यमुताई : का हो?

मार्तंडराव : रागावू नकोस. आपला अनंत दिल्लीला गेल्यापासून घर खायला उठतं. संध्याकाळी कचेरी सुटली तरी माझा पाय निघत नाही. घरी जाऊन बोलायचं कुणाशी?

यमुताई : मी असते घरी.

मार्तंडराव : तसं नव्हतं म्हणायचं मला.

यमुताई : तसंच होतं. खरं बोललात ते बरं केलंत. आता माझंही ऐका. तुम्ही कचेरीत असता ना, तेव्हा मला एकटं वाटत नाही. शेजारची पुष्पलता येते, तांदूळ निवडता निवडता चार गोष्टी होतात. ती नसली तर मी तुळशीशी बोलते, मांजराशी बोलते. संध्याकाळी दारात तुमच्या वहाणा वाजतात, आणि मग मला एकटं वाटायला लागतं.

मार्तंडराव : मी असतो तेव्हा?

यमुताई : हो. तुम्ही असता तेव्हाच.

रामाजी : घ्या, गरम गरम! काहून थांबले गा सायेब? अन् बाई, डोळ्याले पाणी? ठेचा झोंबला का वं?

यमुताई : हो, जरा झोंबला. होईल कमी. ठेवा त्या पोळ्या.

रामाजी : मी दही आणतो.

मार्तंडराव : अगं...

यमुताई : काय?

मार्तंडराव : गणपतरावांना नाही म्हणून सांगतो. दादरकडे दुसरी खोली बघता येईल. लहानच मिळेल, पण दोघांना पुरेल. येतेस तू?

यमुताई : हे सांगताय, का विचारताय?

मार्तंडराव : विचारतोय.

यमुताई : मग थांबा जरा. लग्न झाल्यापासून मला कुणी काही विचारलेलं नाही. उत्तर द्यायला वेळ लागेल.