दादाचा आवाज चाळीस घरी

...आणि वर भावोजी मलाच विचारतात, "कोण येणार आहे तिथे?" तुम्हाला सांगतो, ताईचा नवरा नसता ना, तर पंख्याला बांधून फिरवला असता! दादाला जाऊन महिना झाला नाही, आणि या माणसाला दादाच्या कॉम्प्युटरची जागा हवी!

आमचा दादा जुने टेबल पंखे दुरुस्त करायचा. त्याच्यासारखीच गावोगावची येडी मंडळी नेटवर जमली होती. काम काय? एकाने पंख्याची खरखर रेकॉर्ड करून टाकायची, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायची, आणि रोग सांगायचा! आधी होते एका मोठ्या साइटवर. तिथे साइटवाले आवाज उडवून टाकायचे, 'यात काहीच नाही' म्हणून. काहीच नाही? अहो, अख्खा पंखा रडतोय त्यात! मग यांनी मालकच नसलेलं जाळं धरलं. ज्याने त्याने आपापल्या घरी एक कॉम्प्युटर, यांच्या भाषेत मशीन, ठेवायचं, आणि ती मशीनं एकमेकांशी बोलत राहतात. दादाचं आमच्या दुकानात, कामाच्या टेबलाखाली.

भावोजी म्हणाले, "कोट्यवधी माणसं सोडून हे चाळीस जण? बंद पडणार हे. कोण येणार आहे तिथे?" माझं डोकंच फिरलं. "नाही ना येणार? मग हे घ्या!" म्हणत मी वायरच उपटली! आणि मग आठवलं... दादा उत्तरं लिहायचा नाही, बोलायचा. त्याचा आवाज त्याच डब्यात होता. घरात दुसरीकडे कुठेच नाही. वायर परत लावली, ठोकलं, हात जोडले... मशीन ढिम्म!

रडतच घड्याळवाल्या मावशींना फोन लावला, त्या गटातल्या सगळ्यांत जुन्या. म्हणाल्या, "अरे वेड्या, दादा काय फक्त तुझ्याच दुकानात बोलायचा? त्याचं बोलणं आमच्या मशीनवर येऊन बसलंय की!"

आणि आलं हो! कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या स्वयंपाकघरातून, दादा परत आला! "दांडा फिरतो ते बुश झिजलंय रे, तेल पाज, शिव्या नको घालू." "पातं वाकलंय, तुझ्या पोराने चमचा घातला असणार." मावशींनी मला त्यांच्याच मशीनवर जागा दिली. मग मिक्सरवाले आले, शिलाई मशीनवाले आले! कोण येणार आहे तिथे, म्हणे! सगळी खरखर मोठ्याने लावली भावोजींसमोर. गप्प! लग्नानंतर पहिल्यांदा गप्प! ताईने घाबरून विचारलं, "यांना काय झालं रे?"

फक्त एकच गोची झाली... त्या गटात सगळ्यांत जास्त काय ऐकतात, माहीत आहे? दादा कुणाला तरी गोड आवाजात समजावतोय, आणि मध्येच खेकसतो, "अरे गाढवा, तो पाना नाही, दुसरा!" तो गाढव मी. आता चाळीस घरं मला त्याच नावाने हाक मारतात. पुसायला जावं, तर एका ठिकाणी असेल तर पुसणार ना! ...जाऊ दे. रोज सकाळी दुकान उघडल्यावर मी पहिलं तेच लावतो.