पण सही कोणाची?

नाही, तुम्हीच सांगा मला, ताट वाढून झाकून ठेवलंय, दोनदा हाक मारून झालीय, आणि आतून उत्तर काय येतं, तर "पान भरत आलंय, तेवढं होऊ दे." कसलं पान, कोणाचं पान... आठवडाभरासाठी म्हणून मुलाकडे आलो होतो आम्ही, अजून इथेच आहोत. तिकडे माझ्या कुंड्या शेजारणीच्या जिवावर, आणि इकडे हा गृहस्थ एका पंख्यांच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसलाय, मांडीवर हात ठेवून, जसा काही आत कोणाचं बाळंतपण चाललंय.

तुम्हाला सांगते, हा माणूस असा नव्हता हो. आमचे हे म्हणजे नोंदणी कार्यालयातले हेडक्लार्क. कोणी कोणाला घर विकलं, दुकान विकलं, जमीन दिली, सगळं ह्यांच्या टेबलावरून जायचं. कागद हातात आला की मजकूर नंतर, आधी थेट शेवटच्या पानावर जाणार आणि विचारणार, "सही कोणाची?" सही आहे म्हणजे जग जागेवर आहे. घरातसुद्धा तेच. मुलाचं प्रगतिपुस्तक आलं की गुण राहू देत, सही कोणाची? दूधवाल्याने महिन्याची चिठ्ठी दिली, ती उलटून बघणार, सही कोणाची? मला तर वाटायचं, सकाळी सूर्य उगवला की हे खिडकीतून एकदा खात्री करून घेत असतील.

आता अशा माणसाचा मुलगा. ह्यांनी साहेबांकडे शब्द टाकून त्याला त्याच कार्यालयात चिकटवला. चिकटला थोडे दिवस, आणि एक दिवस सुटला. बरं, राजीनामा रीतसर, खाली सही झालेली, त्यामुळे ह्यांना तोंडाने काही बोलता येईना. मग काय, अबोला. पोरगं दुसऱ्या गावी गेलं, तिथून त्याचा फोन यायचा तो मी घ्यायचा, आणि हे शेजारी बसून पेपर वाचायचे, तेच पान, तासभर. एकदा मी मुद्दाम फोन ह्यांच्या कानाला लावला, तर पोरगं म्हणालं, "बाबा, मी आता मायनिंग करतो."

झालं. मायनिंग म्हणजे खाण. ह्यांनी सगळ्या नातेवाईकांना सांगितलं, मुलगा खाणीत आहे. आमच्या वन्संना रडूच कोसळलं. "अरे, इतका शिकलेला मुलगा, छातीत धूळ जाईल त्याच्या," असं म्हणून त्यांनी नाकाला बांधायला जाड मफलर पाठवला आणि वर खोकल्याच्या औषधाची बाटली. इकडे ह्यांनी परत साहेबांकडे शब्द टाकला. साहेब भले माणूस, म्हणाले, जागा धरून ठेवतो, महिनाअखेर घेऊन या पोराला. म्हणून आलो आम्ही. न्यायला आलो होतो हो... राहायला नाही.

तर तुम्हाला सांगते, स्टेशनवरून पोरगं आम्हाला घेऊन गेलं ते एका बंद पडलेल्या बेकरीत. खाण नाही, खड्डा नाही, काही नाही. बेकरी का, तर म्हणे भट्टीसाठी विजेची जोडणी तिथे आधीच मोठी होती. मागच्या खोलीत हा राहतो, आणि पुढे जिथे पाव ठेवायच्या लोखंडी मांडण्या होत्या, तिथे पावांच्या जागी यंत्रं. बुटांच्या खोक्याएवढी. प्रत्येकाला दोन्हीकडून पंखा. आवाज विचारू नका, शंभर मिक्सर एकदम लावल्यासारखा. आणि उष्मा असा की पहिल्याच दिवशी मी धुतलेल्या चादरी तिथे वाळत घातल्या, कडकडीत वाळल्या हो, पण पोरगं असं धावत आलं जसं काही मी देवघरात चप्पल घातली.

हे मफलर नाकाला बांधून दारात उभे. म्हणाले, "खणतोस कुठे?"

पोरगं म्हणालं, खणत नाही बाबा, शोधतो. काय शोधतोस? तर एक आकडा. कुठला आकडा? तर ते कोणालाच माहीत नाही. हे माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगू?

मग त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि समजवायला बसला. अहो, वडिलांशी इतका वेळ तो कधी बोललाच नव्हता. म्हणाला, हे जे कॉम्प्युटरवरचं नाणं आहे ते हातात घेता येत नाही, ती नुसती नोंद आहे. जगात कोणीही कोणाला ते पाठवलं की ती नोंद आधी बाहेर ताटकळत थांबते. अशा थांबलेल्या नोंदी गोळा करायच्या, त्यांचं एक पान करायचं आणि सगळ्यांच्या वहीला जोडायचं. इथपर्यंत ह्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू. ताटकळलेले लोक आणि वही, म्हणजे आपलंच कार्यालय. लगेच विचारलं, "पण सही कोणाची?"

पोरगं म्हणालं, पाठवणाऱ्याची असते, तीही आकड्यांची. पण मंजुरीची सही कोणाचीच नाही.

कोणाचीच नाही... हे उठायलाच लागले होते. त्याने खांद्यावर हात ठेवून बसवलं. म्हणाला, सहीच्या जागी तो आकडा. पान आणि आकडा एकत्र घुसळला की खाली एक ठसा उमटतो, आणि त्या ठशाच्या सुरुवातीला भरपूर शून्यं आली तरच पान वहीला जोडता येतं. कुठला आकडा घातला म्हणजे शून्यं येतील, याला काही रीत नाही. घालून बघायचा. नाही जमलं, दुसरा. नाही जमलं, तिसरा. ही सगळी यंत्रं तेवढंच करतात, डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात न मोजता येण्याइतके आकडे घालून बघतात. आणि आपल्यासारखी जगभर लाखो यंत्रं. आपण एकटे कधी पुरे पडणार, म्हणून बरेच जण मिळून शोधतो, कोणाला तरी सापडलं की वाटून घेतो.

हे म्हणाले, "म्हणजे बॅगेच्या कुलपाचा आकडा विसरला की आपण फिरवत बसतो, तसं."

"तसंच, बाबा. फक्त हा आकडा विसरलेला नाही, कोणाला कधी माहीतच नव्हता. आणि एकदा सापडला की कुलूप उघडतंय का, ते कोणीही एका क्षणात बघू शकतं. ज्याला सापडतो त्याला मेहनतान्याची नवी नाणी तिथल्या तिथे तयार होऊन मिळतात."

हे म्हणाले, "नवीन निघतात? म्हणजे खाणच की रे." आणि मफलर सोडला.

पण क्लार्क तो क्लार्क. इतकं ऐकून शांत बसेल का? म्हणे, ताटकळलेल्यांत आधी नंबर कोणाचा? पोरगं म्हणालं, जो जास्त शुल्क देईल त्याचा साधारण आधी लागतो. तुम्हाला सांगते, ह्यांनी आधी मागे वळून दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "म्हणजे इथेही वजन ठेवावं लागतं?" हो, म्हणे, पण उघड, कोणी किती ठेवलं ते अख्ख्या जगाला दिसतं. उघड... हे तो शब्द तोंडात घोळवत बसले. आयुष्यभर टेबलाखालून जे सरकताना पाहिलं, आणि ज्यावरून लोकांशी भांडले, ते कोणीतरी उचलून सरळ टेबलावर ठेवलं होतं, दिवा लावून.

मग विचारलं, वही हरवली तर? कुठे हरवेल, म्हणे, हजारो लोकांकडे तीच्या तीच वही आहे. कोणी मागचं पान बदललं तर? तर म्हणे प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो. मागे एक अक्षर हलवलं की त्या पानाचा ठसा बदलला, मग पुढचं पान जुळेना, त्याच्या पुढचं जुळेना, थेट आजपर्यंत सगळं पुन्हा घुसळत यावं लागेल, आणि तोवर बाकीचं जग पुढे गेलेलं असेल. तेव्हा हे मला म्हणाले, "अगं, आमच्याकडे वाळवीने दोन अख्खी गावं खाल्ली होती." आणि रुमालाने चष्मा पुसायला लागले. आता चष्मा खराब झाला होता की आणखी काही, मी नाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी पोरगं म्हणालं, चला, तुम्हाला पाठवून दाखवतो. ह्यांच्या फोनमध्ये पाकीट तयार केलं. पाकीट म्हणजे नुसतं नावाला, त्यात ठेवायला काही नाही. त्याचा पत्ता म्हणजे एक लांबलचक, अर्थ नसलेली अक्षरांची आणि आकड्यांची माळ. फोनने फोटो काढला की पत्ता आपोआप उमटतो, पण हे ऐकतील? म्हणाले, आधी रुजुवात. म्हणजे एकाने मूळ प्रत वाचायची, दुसऱ्याने नक्कल तपासायची, ह्यांच्या कार्यालयातली पद्धत. बसले दोघे समोरासमोर. हे वाचतायत, "छोटा क्यू... सात... मोठा के नाही, छोटा के..." आणि पोरगं बोट ठेवून म्हणतंय, "आहे... आहे... आहे." अहो, त्या पंख्यांच्या गोंगाटात मला ते दोन आवाज स्पष्ट ऐकू येत होते. अबोला केव्हा सुटला ते दोघांनाही कळलं नाही, आणि मी काही सांगायला गेले नाही. माझं काय जातंय?

पाठवलं. इवलंसं काहीतरी, दोन कप चहा येईल न येईल इतकं, पण पोराच्या स्वतःच्या कमाईतलं. ह्यांच्या फोनवर आलं, "प्रतीक्षेत." आता जगात कुठेतरी, कुठल्यातरी खोलीत, कोणीतरी अनोळखी माणसाचं यंत्र ह्यांच्यासाठी आकडे घालून बघतंय. हे म्हणाले, त्याला आपलं नावही माहीत नाही? नाही. त्याला वरून हुकूम नाही? नाही. चुकीचं पान लिहिलं तर? बाकीचे घेणारच नाहीत, त्याची वीज फुकट. हे पुन्हा तेच, पण अगदी हळू, "पण सही..." आणि तेवढ्यात फोन वाजला. पान जोडलं गेलं होतं.

तुम्हाला सांगते, हे उठून उभे राहिले. साहेब केबिनमधून बाहेर आले की उभे राहायचे ना, तसे. समोर कोणी नव्हतं, नुसत्या पावाच्या मांडण्या.

मग बसले आणि म्हणाले, "बरं, आता हे रद्द कर." पोरगं म्हणालं, रद्द होत नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलं असतं तर? गेलं असतं. अर्ज करायचा कोणाकडे? कोणाकडेच नाही. तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला. कौतुक गेलं आणि बाप आला. म्हणाले, "तुझं काही चुकलं तर तू जाणार कोणाकडे?"

"कोणाकडे नाही, बाबा. म्हणून तर पाठवायच्या आधी मीही रोज रुजुवात करतो. एकटाच, मोठ्याने वाचून. तुम्ही लहानपणी मला समोर बसवून करायचात, तशी."

हे उठले, बाहेर रस्त्यावर गेले. मी दारातून बघत होते. फोन कानाला, मान खाली, साहेबांशी बोलताना असते तशी. एवढंच ऐकू आलं, "नाही साहेब, त्याची जागा कोणाला तरी देऊन टाका. तो इथे कामावर आहे." आत आले आणि मला म्हणाले, भूक लागली.

आता इथे संपायला हवं होतं ना? पण त्या पाकिटाची किल्ली म्हणजे बारा शब्द. इंग्रजी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. फोन गेला तरी शब्द आठवले की पाकीट परत मिळतं, शब्द गेले की सगळं गेलं, आणि कोणाला म्हणजे कोणालाच सांगायचे नाहीत. इतका संसार झाला, पोटदुखीपासून पगारापर्यंत सगळं मला सांगणारा माणूस, आता मला न सांगायचे बारा शब्द घेऊन घरात फिरायला लागला. पोरगं म्हणालं, लिहून कुलपात ठेवा. हे म्हणाले, कुलपातली वाळवी मला माहीत आहे, मी पाठ करणार. आणि पाठ कुठे करणार, तर आंघोळीला बसल्यावर, मोठ्याने! लेमन, टॉर्टॉइज, अम्ब्रेला... बाहेर मी भांडी घासतेय. कान काय काढून ठेवू?

फोन बादलीत पडला, तो कसा पडला ते विचारू नका. नवा आणला, त्याने शब्द मागितले, आणि ह्यांना मधला एक आठवेना. बोलले नाहीत कोणाला. जेवले नाहीत. रक्कम काहीच नव्हती हो, पण पोराने आपल्या कमाईतून दिलेलं पहिलं काहीतरी होतं ते. शेवटी पोराला सांगितलं. पोरगं म्हणालं, "बाबा, यात मीही काही करू शकत नाही. जगात कोणीच नाही." दोघे एकमेकांकडे न बघता बसलेले.

मला ते बघवेना. हात पुसले, बाहेर आले आणि बाराच्या बारा म्हणून दाखवले, ओळीने, ह्यांच्याच चालीत.

पोरगं आधी हसलं आणि मग डोक्याला हात लावून म्हणालं, बाबा, आता हे पाकीट उघडं पडलं, नवं करा, नवे शब्द घ्या. घेतले. तेव्हापासून हे नळ पूर्ण सोडून आंघोळीला बसतात आणि पुटपुटतात. मी आपली दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी असते, कान लावून. पाठांतर करायचं वय आहे का माझं? पण कोणीतरी करायला हवंच ना... सातव्यापर्यंत आलेय.