सवत नोना

लेविना : फांदी सोडू नकोस, ओनिस. ऐकतोयस ना?

ओनिस : तू इथे कशी?

लेविना : नोनाची दांडी रिकामी दिसली. मासे धरायला जाणारा नवरा पाळलेली लोरी पोपटीण कशाला सोबत नेईल? तिकडे अख्खा गाव होड्या काढून खाडीत तुला शोधतोय. समुद्रावर जातो, असं सांगून गेलास ना.

ओनिस : मग काय सांगू? जंगल शिकारीला बंद आहे. चर्चच्या पाळकांनी प्रार्थना करून वाटेवर बंदीची खूण म्हणून नारळाची कोवळी पानं बांधलीत, आणि मी त्यांच्याखालून वाकून लोऱ्यांसाठी फासे लावायला निघालोय, असं?

लेविना : आधी खाली उतर.

ओनिस : पाय बेचक्यात अडकलाय. मोडला असणार. दोर खाली पडला, तुझ्या पायाशी असेल बघ. हातही बधिर व्हायला लागलेत, लेविना. फार वेळ नाही धरवणार.

लेविना : पळत जाऊन माणसं आणते.

ओनिस : तू परत येईपर्यंत मी खाली पडलेला असेन. जाऊ नकोस. भीती वाटते.

लेविना : हाका मारून घसा बसला माझा. खाडीपर्यंत आवाज जातच नाही.

ओनिस : बुडाला म्हणून सांग. बंद जंगलात चोरून लोऱ्या धरताना मेला, असं नको. पोरांना गावात तोंड दाखवता येऊ दे.

लेविना : पोरांना बाप हवाय. तुझी अब्रू घेऊन काय चाटायचीय त्यांना?

ओनिस : थवा आला बघ. नोना साद घालतेय त्यांना. आता जोडीजोडीनं खेटून बसतील नि गप्प होतील.

लेविना : बसू द्यायच्या नाहीत. बंद जंगलावर लोऱ्या न बसता घिरट्या घालायला लागल्या, की राखणदार काय समजतो?

ओनिस : चोर शिरलाय.

लेविना : तो खाडीतच आहे, होडीवर.

ओनिस : म्हणजे पकडला जाईन.

लेविना : हो. जिवंत.

ओनिस : पण नोना घाबरून किंचाळली तरच त्या उठतील. आणि ही तर मजेत बसलीय माझ्या खांद्यावर, मानेला चिकटून.

लेविना : घरी कधी किंचाळते ती?

ओनिस : तू माझ्याजवळ आलीस की.

लेविना : इतकी वर्षं सवत नांदवली, आज कामाला येऊ दे. मी वर येते.

ओनिस : तुला चढता येत नाही, लेविना.

लेविना : वेलींना धरून येईन तेवढी. तिला नुसतं दिसले तरी पुरे.

(नोना किंचाळू लागते. सगळा थवा झाडावरून उठतो.)

ओनिस : कान फोडले हिनं माझे.

लेविना : खाडी दिसते का तिथून?

ओनिस : दिसते. होड्या पुढेच चालल्यात. कुणी वर बघत नाही. लेविना, हात सुटतोय माझा.

लेविना : माझ्याकडे बघू नकोस, खाडीकडे बघ. घट्ट धर.

ओनिस : एक थांबली. राखणदाराचीच. उभा राहून इकडे हात करतोय. वळली, लेविना. सगळ्याच वळल्या. नोना, पुरे आता, गप.

लेविना : तिला गप्प करू नकोस. अजून वर येतेय मी.