शेवटचं ताट

जळगाव जामोदच्या एस.टी. स्टँडवर माझ्या पाठच्या बाकावर आई, वडील आणि सातपुड्यातल्या महिनाभराच्या शिबिरातून परतलेला त्यांचा तरुण मुलगा बसले होते.

“काऊन वाळला बे एवढा?”

“मी टोळीचा नायक होतो, बाबा. जंगलात रस्ता काढा, चूल पेटवा, अन् सगळ्याईचं झाल्यावर आपन जेवा.”

“अन् उरलं नाही त?”

“त नायक उपाशी.”

“आग लागो त्या शिबिराले! पाटलाचा पोरगा शेवटी जेवते? आपल्या घरी पाह्यलं कधी असं?”

“मायले पाहतो नं रोज.”

“बाईमानसाचं येगळं असते बे! अवं, सोड ते शिदोरी. वाढ मले.”

“थांबा. घरचे नायक तुमीच नं? आज पहिले मी खाईन, मंग पोरगा. उरलं त तुमाले वाढीन.”