भट्टीच्या दारावरचं बोट

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा माननीय शीलाताई. कल्याणच्या कुंभारवाड्यातून आवर्जून आलेले, शिवरामकाकांचे थोरले बंधू भिवाजीदादा. आजचे सत्कारमूर्ती शिवरामकाका. आणि रविवारची दुपारची झोप मोडून इथे जमलेल्या डोंबिवलीकर बंधुभगिनींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

शीलाताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. आमच्या मंडळींनी, म्हणजे शालनने, घरून निघताना पाचच दिली होती. तेव्हा सात-आठ मिनिटांत आटपतो.

शिवरामकाका आज आपल्या स्टुडिओतून निवृत्त होत आहेत. नजर कमी झाली, आता लेकीकडे, शेवंतीताईंकडे, खडवलीला राहायला जाणार. त्यांच्याविषयी चांगलं बोलायचं तर अवघड काहीच नाही. मला अवघड जातंय ते निराळं, त्याच्याकडे येतो.

अठ्ठ्याऐंशी साली मी कारखान्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सोडली आणि एमआयडीसीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये मातीकामाचा स्टुडिओ काढायचं ठरवलं. आता, ड्राफ्ट्समन माणूस आधी काय करणार? नकाशा! तीन महिने मी नकाशा काढत होतो. चाकं कुठे, कपाटं कुठे, भट्टी कुठे, चपला काढायची जागासुद्धा इंचात. आणि तो नकाशा घेऊन मोठ्या ऐटीत कुंभारवाड्यात गेलो. काकांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "सायेब, यात वारा कुठनं येतो ते लिवलंय का?"

मी म्हटलं, "वाऱ्याचा काय संबंध?"

"ओली मडकी तुमी खिडकीत ठेवलीत. एका अंगानं सुकतील नि वाकडी होतील. आणि मी बसू कुठं? समदी टेबलंच हायत."

खरंच की हो! अख्ख्या नकाशात कुंभाराला मांडी घालून बसायला जागा नव्हती. मग मडकी गेली आतल्या अंधाऱ्या खोलीत, जिच्यावर मी झोकात 'ऑफिस' असं लिहिलं होतं, आणि माझं ऑफिस आलं खिडकीत. आजही तिथेच आहे. पावसाळ्यात मी भिजतो, मडकी भिजत नाहीत. हसा, हसा.

भट्टीही काकांनीच बांधली. तिच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. भट्टी लागली की दार विटांनी बंद करून वर ओल्या मातीनं लिंपायचं. मग ती निवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. निवली हे कसं कळणार? काका डावा तळवा दारावर टेकवायचे आणि उजव्या हातानं पेलाभर पाणी प्यायचे, सावकाश. पेला संपेपर्यंत हात काढावासा वाटला नाही, तर उघडायची. वाटला, तर पुन्हा दोन तासांनी पाणी. मी त्यांना थर्मामीटर आणून दिला होता. त्यांनी तो देवाच्या तसबिरीमागे ठेवून दिला.

आता उद्‌घाटनाचं सांगतो. डिसेंबरातला रविवार होता. अकरा वाजता पाहुणे यायचे आणि त्यांच्यासमोर पहिली भट्टी उघडायची, असा बेत. छप्पन्न नग आत होते. शनिवारी दुपारी काका जेवायला कल्याणला गेले आणि जाताना मला दोनदा बजावून गेले, "सायेब, हात लावू नका."

त्यानंतर काय झालं, हे गेली नऊ वर्षं मी कुणालाही सांगितलेलं नाही. गेल्या मंगळवारपर्यंत शालनलासुद्धा नाही.

मला राहवलं नाही. तीन महिने नकाशे काढलेला माणूस मी, आत काय झालंय ते बघायची घाई झाली. मी दाराच्या वरच्या दोन विटा काढल्या आणि आत डोकावलो. सुरेख लाल रंग आला होता. आणि आतून बारीक बारीक आवाज येत होते, टिण्... टिण्... मला वाटलं, वा, काय पक्की भाजलीत! विटा परत बसवल्या, माती भिजवली आणि दार होतं तसं लिंपून टाकलं.

मंडळी, तो आवाज मडकी तडकण्याचा होता. तापलेल्या भट्टीत मी गार वारा सोडला होता.

रविवारी पाहुण्यांसमोर दार उघडलं. छप्पन्नातले चाळीस नग तडकलेले. आलेल्यांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "जुन्या वळणाची माणसं, यांना शास्त्र कुठे ठाऊक असतं?" आणि मी, मी तिथे उभा राहून मान डोलावली. काकांनी हात जोडले आणि एवढंच म्हणाले, "भट्टी नवी हाय. पुढच्या खेपेला बघू."

भिवाजीदादा, तुम्ही त्या दिवशी तिसऱ्या रांगेत होतात. "शिवा साहेबांत गेला नि भट्टी विसरला," हे तुम्ही तिथेच म्हणालात, आणि त्यानंतर तुमच्या भट्टीला धाकट्या भावाला कधी बोलावलं नाहीत. दोष तुमचा नाही. तुम्ही जे पाहिलंत त्यावरून बोललात. काकांना त्याचं किती लागलं, हे मात्र मी रोज शेजारी बसून बघत होतो. दर वर्षी तुमची भट्टी लागायच्या दिवसांत ते दोन दिवस गप्प असायचे. आणि मीही गप्पच. नाटकी वाटेल, पण खरं सांगतो, मला स्वतःची लाज वाटते.

गेल्या मंगळवारी शालन काकांची हत्यारं बांधून देत होती. फळीच्या कोपऱ्यात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी निघालं. हे पाहा, मी सोबत आणलंय. दाराच्या लिंपणाचा तुकडा आहे. काकांनी दार उघडताना हा अलगद सोडवून बाजूला ठेवला होता, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, असेल त्यांची काही रीत. पुढच्या भट्टीत त्यांनी तो भाजून पक्का केलेला आहे. त्यावर चार बोटं उमटली आहेत. तीन पुरी, एक अर्धं.

माझं हे बोट कारखान्यातल्या प्रेसमध्ये गेलेलं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

शालनने माझा हात धरून त्या ठशात ठेवला आणि म्हणाली, "अहो, हे तर तुमचं बोट!" सगळं सांगितल्यावर ती रागावली नाही. म्हणाली, "त्यांची मान चारचौघांत खाली गेली ना? मग चारचौघांतच सांगा."

तर सांगितलं. पहिल्याच दिवशी काकांना कळलं होतं, आणि नऊ वर्षांत ते एका शब्दानं बोलले नाहीत. काका, मला विचारायचं होतं, हा तुकडा तुम्ही दाखवला का नाहीत? आणि दाखवायचा नव्हता, तर टाकून का नाही दिलात?

काय म्हणता? जरा माइक द्या हो त्यांना. नको? बरं, मीच सांगतो. काका म्हणतात, "सायेब, नऊ वर्सांत तुमच्या हातचं येवढंच येक तडाकलं न्हाई. टाकू कसं?"

भिवाजीदादा, तुम्ही उठलात का? अहो, असे इकडून या, पायरी आहे. शेवंतीताई, बाबांच्या शेजारची खुर्ची द्या त्यांना.

आता आटोपतो. आपण सर्व आलात, आपले मनापासून आभार. भाषण संपवताना कमीजास्त बोललो असेन तर क्षमा करा, असं म्हणायचा प्रघात आहे, आणि तो मी आजवर पुष्कळदा तोंडदेखला पाळला आहे. आज भाषणातल्या चुका तुम्ही खुशाल मोजा, त्यांची माफी मी मागत नाही. शिवरामकाका, त्या शनिवारच्या दोन विटांची आणि रविवारी डोलावलेल्या मानेची मला माफी असावी.