आडी महिन्यातलं तिकीट

"अहो, राहुकाल लागायला आला. घरातून लवकर निघा म्हटलं होतं ना?"

तंजावरच्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात भोवती सगळी तमिळ. शेजारच्या बाकावरचं म्हातारं जोडपं आपल्याच मराठीत बोलतंय, हे ऐकून फॉर्म भरता भरता नित्याचा हात थांबला.

"काउंटरवरचा सांगतो, आडी महिन्यात अमेरिकेचं तिकीट स्वस्त. अशुभ म्हणून आपल्याकडचं कोणी निघत नाही."

"मग आडीतच काढा."

"तू म्हणतेस हे? आडीत तू इथल्या इथं पापनाशमला जात नाहीस!"

"प्रवीणच्या घरी जायला कसली आलीय आडी? सहा वर्षं झाली लेकराला पाहून."

"दिवाळीनंतर बघू. पण तेव्हा तिथं थंडी."

"स्वेटर विणलेत मी. तुमचाही."

"मग पोंगल होऊ दे. घाई काय आहे?"

"गेल्या वर्षीही पोंगलच म्हणालात. रविवारी बूथवरून बोललात ना त्याच्याशी? काय म्हणाला?"

"तब्येत विचारली. तुझीपण."

"आणि?"

"अगे, तो 'या' म्हणत नाही. दर रविवारी मी वाट बघतो, आणि तो फोन ठेवतो."