मडीचं टेबल

संहिता : हात मागे घे, मुग्धा. कशालाही लावायचा नाही. रघू, ती ताटली तुझ्याकडे ओढ.

रघुनंदन : अगं, काकडी आणि भात आहे त्यात. दुसरं काही नाही. स्वल्प, जरा हळू बोल, पलीकडचे लोक बघताहेत.

संहिता : बघू देत. आल्यापासून मी त्या काउंटरकडे बघतेय. त्या माणसानं कोळंबी कापली, सुरी ओल्या फडक्याला पुसली आणि त्याच सुरीनं हिची काकडीची गुंडाळी कापली. फळीसुद्धा तीच.

रघुनंदन : इथून तुला फडकं दिसलं?

संहिता : बेळ्ळंदूरच्या बर्थडे पार्टीत कोळंबीच्या नूडल्समधला चमचा हिच्या ताटलीत आला, तो नव्हता दिसला. तेव्हापासून सगळं दिसतं. तिचे ओठ निळे पडले होते, रघू. तू ट्रॅफिकमध्ये अडकला होतास, मी तिच्याजवळ होते.

रघुनंदन : मला ते सांगायला नको. पण सहा महिने सुशी सुशी करतेय ती. पाचवा वाढदिवस आहे तिचा.

संहिता : सहावाही व्हायला हवाय मला. बोलव कुणाला तरी.

रघुनंदन : आलेच बघ.

शिवकुमार : नमस्कार मॅडम, मी शिवकुमार, इथला मॅनेजर. मराठी कानावर आलं म्हणून मीच आलो. आम्ही निपाणीकडचे. काय कमी पडलं काय?

संहिता : हिच्या ताटलीतलं कोणत्या सुरीनं कापलंय?

शिवकुमार : वेगळ्या सुरीनं की. तुमची सुरी वेगळी, फळी वेगळी. काळजीच करू नका.

संहिता : दाखवा मला ती वेगळी सुरी.

शिवकुमार : आत धुवायला गेली असेल बघा.

संहिता : आत काही गेलेलं नाही. समोर त्याच्या हातात आहे. आत्ता मासा कापतोय तिनं.

शिवकुमार : मॅडम, मी तुमच्या भावना समजतो. आमच्या आईचंपण असंच असतंय. बुकिंगमध्ये लिहूनच ठेवलंय की आम्ही.

संहिता : भावना? काय लिहिलंय, वाचा बघू.

शिवकुमार : हे बघा. रघुनंदन, तीन जण, खिडकीजवळ. खाली लिहिलंय, मडीचे लोक आहेत, कोळंबीचा स्पर्श नको.

संहिता : मडी.

रघुनंदन : संहिता, मी सांगतो.

संहिता : थांब. तुझ्या आईचं सोवळं तू हॉटेलात सांगितलंस? अॅलर्जी नाही सांगितलीस?

रघुनंदन : सांगितली होती. आधी तीन ठिकाणी सांगितली. इंदिरानगरात तिघांनी अॅलर्जी शब्द ऐकला आणि जमणार नाही म्हणून फोन ठेवला. पोरगी रोज विचारत होती, अप्पा, जायचं ना. मग इथं म्हटलं मडी आहे. हे लगेच सरी, चालेल म्हणाले. मला वाटलं, डॉक्टरपेक्षा देवाला लोक जास्त भितात.

शिवकुमार : पाप्पूला, या पोरीला अॅलर्जी आहे? खरंच?

संहिता : कोळंबीचा कण पोटात गेला तर घसा बंद होतो तिचा. ही पर्स बघा. यात लिपस्टिक नाही, इंजेक्शन आहे.

शिवकुमार : अय्यो. सर, हे सांगायचं होतं की ओ. आम्हीपण नाहीच म्हटलं असतं. आमचं स्वयंपाकघर एवढंसं. इथं एकाला एक लागतंयच.

संहिता : मग मडीवाल्यांना होय कसं म्हणता?

शिवकुमार : आता काय सांगू. आठवड्याला दोन-चार येतात तसे. होय म्हणतो, सुरी पुसतो. त्यांचं समाधान, आमचं टेबल.

संहिता : म्हणजे फसवता.

शिवकुमार : त्यात कुणाला काय होत नाही मॅडम.

संहिता : माझ्या मुलीला झालं असतं. तुम्ही वेगळी सुरी आहे असं माझ्या तोंडावर सांगितलंत, दोनदा. मी मान खाली घालून जेवणारी असते तर?

शिवकुमार : चुकलं माझं. ताटली घेऊन जातो.

रघुनंदन : माझंही चुकलं.

संहिता : तुझं जास्त चुकलं. ते तिला ओळखत नव्हते. आणि सहा वर्षं त्या मडीवरून कोण भांडतंय घरात? मी. आई म्हणतात, आंघोळीशिवाय चुलीपाशी येऊ नको, माझ्या पातेल्याला हात लावू नको. मी रडायचे तेव्हा तू म्हणायचास, खुळचटपणा आहे, सोडून दे. आज बरा उपयोगी पडला तुला तो खुळचटपणा.

रघुनंदन : चल, निघू या आपण.

संहिता : आधी तिच्याकडे बघ. त्या काड्या रबर लावून घट्ट धरून बसलीय. घरी सराव केलाय तिनं, शेंगदाणे उचलून.

शिवकुमार : मॅडम, पाप्पूला उपाशी नका पाठवू. केळं देऊ? सालीसकट, तुम्हीच सोला.

संहिता : नको. तिची आज्जी ओळखून आहे तुम्हा हॉटेलवाल्यांना. निघताना डबा दिलाय तिनं. मला रागच आला होता, हॉटेलात जाताना कुणी डबा देतं का म्हणून.

शिवकुमार : बाहेरचं खाणं चालत नाही आमच्यात. तसा बोर्डच आहे दारात. पण खाऊ दे. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

(संहिता कागदी रुमालानं टेबल पुसते. मग तेच पुन्हा, दुसऱ्या रुमालानं.)

रघुनंदन : काय आहे डब्यात?

संहिता : चित्रान्न. लिंबूभाताचे छोटे छोटे गोळे वळून दिलेत आईंनी. बहुतेक मोबाइलवर बघितलं असणार, सुशी कशी दिसते ते.

रघुनंदन : आईनं? मला काही बोलली नाही.

संहिता : मुग्धा, घे. काड्यांनीच उचल, आधी मला पुसू दे त्या. बिनधास्त खा. आज्जीच्या पातेल्याला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. माझासुद्धा.